चार लाखांची वाढ, पण हातात किती?

प्रश्न: हिंजवडीतल्या मोठ्या आयटी कंपनीत मला 4 वर्षे 4 महिने झाली. सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) 14 लाख, बेसिक महिना 50,000, नोटीस 90 दिवस. बाणेरच्या 18 जणांच्या कंपनीने 18 लाख (त्यात 2.40 लाख व्हेरिएबल, म्हणजे कमीजास्त होणारा भाग) आणि ईसॉप (ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचे पर्याय) देऊ केलेत. तिथे पीएफ नाही. हप्त्यासह घरखर्च 70,000, एफडी दीड लाखाची. आईला मधुमेह आहे, ती कंपनीच्या मेडिक्लेमवर आहे. जावे का?

उत्तर: जायला हरकत नाही, पण आहे त्याच ऑफरवर आणि या महिन्यात नको.

आधी वाढीचा हिशेब. तुमच्या 14 लाखांत कंपनीचा पीएफ 72,000 आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे 29,000 धरलेली असते. उरतात 12.99 लाख. नव्या करप्रणालीत 75,000 ची प्रमाणित वजावट घेतल्यावर तुम्ही 12 लाखांच्या करमुक्त मर्यादेच्या किंचित वर राहता आणि सीमांत सवलतीमुळे (मर्यादेवरच्या रकमेपुरताच कर) कर जेमतेम 25,000 बसतो. कंपनीचा पीएफ हिशेबात परत जोडला की वर्षाला 13.46 लाख तुमचे. नव्या ठिकाणी खात्रीचे 15.60 लाख, त्यावर कर सुमारे 1.07 लाख, म्हणजे 14.53 लाख. चार लाखांची वाढ इथे एक लाख सात हजारांवर आली! व्हेरिएबल पूर्ण मिळाले तर फरक तीन लाखांपर्यंत जाईल. पण 18 जणांच्या कंपनीत एक मोठा ग्राहक गेला की पहिली कात्री व्हेरिएबललाच लागते, म्हणून घराचे गणित त्यावर बांधू नका.

आता ग्रॅच्युइटी. पाच वर्षे भरली तर 50,000 × 15/26 × 5, म्हणजे सुमारे 1.44 लाख करमुक्त. पहिल्या वर्षाच्या खात्रीच्या वाढीपेक्षा ही रक्कम मोठी आहे. नोटीसचे दिवस सेवेत धरले जातात, त्यामुळे राजीनामा पाच महिने पुढे ढकलला तरी पुरते. पाचव्या वर्षात 240 दिवस भरले तरी हक्क मिळतो, असे मद्रास उच्च न्यायालयाने धरले आहे, मात्र सगळ्या कंपन्या ते मानत नाहीत. एचआरकडून ईमेलवर लेखी उत्तर घ्या. नवी कंपनी थांबायला तयार नसेल तर जॉइनिंग बोनस मागा, तोही 1.80 लाख, कारण त्यावर कर लागतो. वर्षाच्या आत सोडल्यास तो परत द्यावा लागेल का, हे ऑफर लेटरमध्ये पाहा.

20 पेक्षा कमी कर्मचारी असल्याने त्या कंपनीवर पीएफचे बंधन नाही, पण ती स्वेच्छेने नोंदणी करू शकते. तसे विचाराच. नाहीच म्हणाले तर जुना पीएफ काढू नका. पाच वर्षांच्या आत काढल्यास त्यावर कर लागतो, खात्यात राहू दिल्यास व्याज चालू राहते. पीएफसोबतचे सात लाखांपर्यंतचे विमाछत्रही जाईल, तेव्हा स्वतःचा टर्म प्लॅन नसेल तर आधी तो घ्या.

सर्वांत जास्त काळजी आईच्या विम्याची करा. गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज नोटीसच्या काळातच करा. तसे केल्यास प्रतीक्षा काळात आधीची वर्षे धरली जातात. नोकरी सोडून नवी पॉलिसी घेतली तर मधुमेहासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. जुन्या नोकरीच्या शेवटच्या दिवसाआधी ही पॉलिसी हातात असेल, असे पाहा.

ईसॉपची किंमत सध्या शून्य धरा. पर्याय वापरताना त्या दिवसाचे मूल्य आणि तुम्ही भरलेली किंमत यांतला फरक पगार म्हणून करपात्र होतो, शेअर विकला गेला नसला तरी. कंपनीचे एकूण शेअर किती आणि नोकरी सोडल्यावर पर्याय वापरायला किती दिवस मिळतात, हे विचारा. अनेक ठिकाणी ही मुदत 90 दिवसच असते.

कंपनीची तब्येत तपासायला कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडे शुल्क भरून तीन वर्षांचे ताळेबंद पाहा. शिल्लक रोख किती महिन्यांच्या पगाराला पुरेल आणि ग्राहकांकडून येणे किती तुंबले आहे, एवढे पाहिले तरी बरेच कळते. सर्वांत मोठ्या ग्राहकाचा वाटा मुलाखतीत विचारा. निम्म्याहून जास्त असेल तर मी थांबायला सांगेन.

दीड लाखाची एफडी जेमतेम दोन महिने पुरेल. छोट्या कंपनीसाठी सहा महिन्यांचे, म्हणजे 4.20 लाख हवेत. ग्रॅच्युइटी आली की ती थेट त्यात टाका. खात्रीचा पगार 16.50 लाख आणि कंपनीच्या बाजूने किमान 60 दिवसांची नोटीस मागा. रुजू झाल्यावर जुन्या पगाराचा आणि टीडीएसचा तपशील पहिल्याच महिन्यात द्या, नाहीतर रिटर्न भरताना मोठा कर अंगावर येतो. कापलेला टीडीएस सरकारकडे जमा होतो की नाही, हेही दर तिमाहीला आयकर पोर्टलवर बघत चला.