वाचकांचे प्रश्न: गाण्या-वाजवण्यावर घर चालवायचं तर

गेल्या दोन महिन्यांत आलेली निम्म्याहून जास्त पत्रं पैशांबद्दलची आहेत. मला त्याचं बरं वाटलं खरं तर, कारण आपल्याकडे कलाकार मंडळी पैशाचं बोलायला लाजतात आणि मग तिशी आली की गुपचूप पेटी कपाटावर ठेवून देतात, असे किती तरी चांगले हात मी थांबलेले बघितलेत. मी पंचवीस वर्षं गातेय, शिकवतेय, त्यातली अठरा वर्षं घर ह्याच्यावरच चाललंय. तेव्हा जे मला माहितीये ते सगळं सांगते.

ताई नमस्कार. मी मूळचा मिरजेचा, तबला विशारद झालोय, चार वर्षं पुण्यात राहून साथसंगत करतोय. गणपती ते दिवाळी झोपायला वेळ नसतो, एकेका महिन्यात साठ-सत्तर हजार पण होतात. पण पितृपंधरवडा, किंवा जून-जुलै, तेव्हा आठ हजार सुद्धा होत नाहीत. आता एका शाळेत अर्धवेळ संगीत शिक्षकाची जागा आलीये, पगार कमी आहे. घेऊ का? रियाज मागे पडेल अशी भीती वाटते. (एक वाचक, पुणे)

घे. अर्धवेळ असेल आणि दुपारी दोनपर्यंत मोकळा होत असशील तर अजिबात विचार करू नकोस. कमी पगार कमी वाटतोय कारण तू त्याची तुलना गणपतीच्या महिन्याशी करतोयस, जुलैशी करून बघ.

तुला वाटत असेल नोकरी धरली की आपण कलाकार कमी झालो. असं काही नसतं रे. अल्लादियाँ खाँसाहेबांसारखे थोर गवई कोल्हापूर दरबारात होते, नाटक मंडळ्यांमध्ये साजिंद्यांना महिन्याचा पगार असायचा, नंतर आकाशवाणीवर स्टाफ आर्टिस्ट म्हणून किती तरी मोठे वादक होते. मैफली त्यांनी केल्याच, पण मागे दर महिन्याला येणारं काहीतरी होतं. आता दरबार राहिले नाहीत तर ते मागचं बळ आपल्यालाच चार ठिकाणांहून थोडं थोडं गोळा करायला लागतं.

पहिली गोष्ट, एक वही कर आणि मागच्या दोन वर्षांत कुठून किती आले ते आठवून लिही, जीपेची हिस्ट्री आहेच. महिना बघू नकोस, वर्ष बघ. समजा वर्षाचे तीन लाख साठ हजार निघाले तर तुझा पगार तीस हजार झाला, पण मी म्हणेन पंचवीसच काढ. सत्तर हजार आले त्या महिन्यात पण पंचवीसच, बाकीचे दुसऱ्या बँकेतल्या खात्यात, ज्याचं एटीएम कार्ड खिशात नाही अशा. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी दिवाळी पहाटचे पैसे दिवाळीतच संपवायचे आणि वैशाखातली लग्नं संपली की भाड्यासाठी भावाकडे हात पसरायचे, दोन वर्षं सलग केलंय हे, आणि ते आठवलं की आजही पोटात कसंतरी होतं. त्या खात्यात सहा महिन्यांचा खर्च जमेपर्यंत नवीन माइक नको, नवीन फोन नको. फक्त तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, बदलायची झाली तर ती बदल, त्यात काटकसर करू नकोस.

दुसरं, शिकवणी. तू पत्रात शिकवणीचं एक वाक्य पण लिहिलेलं नाहीस म्हणून जरा सविस्तर लिहिते. महिन्याची फी घेऊ नकोस, तीन महिन्यांची आगाऊ घे, कारण मार्चमध्ये शाळेच्या परीक्षा आल्या की मुलं गळतात, मेमध्ये गावाला जातात, आणि महिन्याची फी असली की दोन महिने तुझे कोरडे जातात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा साधारण एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा वर्षातून दोनदा असतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा असं करत विशारदपर्यंत पोचायला मुलाला सात-आठ वर्षं लागतात, म्हणजे परीक्षेला बसवलेला मुलगा वर्षानुवर्षं तुझ्याकडे राहतो आणि हौसेने आलेला चार महिन्यांत जातो. परीक्षेसाठीच शिकवावं असं मी म्हणत नाहीये, मला स्वतःला ते आवडत नाही, पण आईवडिलांना समोर काहीतरी टप्पा दिसायला लागतो हे खरंय.

परदेशातले विद्यार्थी मिळाले तर सोन्याहून पिवळं. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात संध्याकाळचे साडेसहा म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सात, तेव्हा तू शाळेत जायच्या आधी एक क्लास होऊन जातो. नोव्हेंबरात तिकडे घड्याळं तासाने मागे जातात ते लक्षात ठेव, नाहीतर पहिल्याच आठवड्यात घोळ होतो. झूमवर ओरिजिनल साउंड चालू करून घे, नाहीतर ते तानपुऱ्याला आणि बायाँच्या, म्हणजे डग्ग्याच्या, घुमणाऱ्या गुमकीला कचरा समजून कापून टाकतं. आणि आवाज उशिरा पोचतो त्यामुळे दोघांनी एकदम वाजवणं होत नाही, लेहरा (तबल्यामागे फिरत राहणारी धून) विद्यार्थ्याच्या बाजूला लावायचा, तू फक्त ऐकायचं. महाराष्ट्र मंडळांच्या ओळखीतून एक घर मिळालं की त्याच गावातली अजून दोन मिळतात, माझं तसंच झालं.

आकाशवाणीची ऑडिशन दिली नसशील तर दे. बी, बी हाय, ए, टॉप असे दर्जे असतात. रेकॉर्डिंगं काही रोज येत नाहीत, पण पत्रिकेत नावापुढे ते लागलं की आयोजक मानधनाचं बोलताना वेगळं बोलतो.

रियाजाचं म्हणशील तर तो पहाटेच होतो, नोकरी असली काय नसली काय.

मी गाणी लिहितो आणि चाली पण लावतो, मित्र गातो. तीन गाणी सगळ्या अॅप्सवर टाकली, एका गाण्याला बऱ्यापैकी ऐकणारे मिळाले. पण खात्यात आलेले पैसे बघून रडू आलं. ह्यातून महिन्याचं काही सुटू शकतं का? का नादच सोडू? (एक वाचक, नाशिक)

नाद सोडू नका, पण ह्या एका खिडकीतून पगार येईल ही आशा आजच सोडा. स्पॉटिफायचंच बघा, २०२४ पासून नियम असा आहे की एखादं गाणं मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नसेल तर त्याचे पैसेच धरत नाहीत. यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास बघितलं गेलेलं लागतं, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज. नवीन माणसासाठी हे डोंगर आहेत.

पण तुमच्या पत्रावरून मला वाटतंय की तुमचे हक्काचे काही पैसे तुम्ही मागितलेलेच नाहीयेत. एका गाण्यात दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात हे आधी डोक्यात पक्कं करा. एक म्हणजे ते रेकॉर्डिंग, आणि दुसरी म्हणजे त्या रेकॉर्डिंगच्या आतले शब्द आणि चाल. जमिनीचं आणि त्यावर बांधलेल्या घराचं जसं वेगवेगळं असू शकतं तसं. ज्या डिस्ट्रिब्युटरमार्फत तुम्ही गाणी टाकलीत तो रेकॉर्डिंगचे पैसे देतो. शब्द आणि चालीचे पैसे गोळा करायला आयपीआरएस आहे, १९६९ पासूनची मुंबईतली संस्था, गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची. रेडिओ, टीव्ही, हॉटेलं, कार्यक्रम, अॅप्स ह्यांच्याकडून लायसन्सचे पैसे घेऊन सभासदांना वाटते, आणि बाहेरच्या देशांतल्या तशाच संस्थांशी तिचे करार आहेत. तुम्ही गीतकार पण आणि संगीतकार पण, मग दोन्ही नात्याने सभासद व्हा, आणि नुसतं सभासद होऊन थांबू नका, प्रत्येक गाणं त्यांच्याकडे नोंदवायला लागतं, इथेच खूप जण राहतात. तुमच्या गाणाऱ्या मित्रासाठी वेगळी संस्था आहे, पूर्वी इस्रा म्हणायचे, आता इसाम्रा, गायक-वादकांची. ह्यातून लगेच ढीगभर येतील असं नाही, पण जे तुमचं आहे ते पडून राहू नये एवढंच माझं म्हणणं.

आणखी एक, कोणी छोटी कंपनी येईल, वीस-पंचवीस हजार हातात ठेवेल आणि सगळे हक्क कायमचे लिहून मागेल. सही करायच्या आधी हे माहिती असू द्या की कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, जावेद अख्तरांनी राज्यसभेत ती लावून धरली होती, तेव्हापासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कोणाला लिहून देता येत नाही, वारसांना किंवा आयपीआरएससारख्या संस्थेलाच तो देता येतो. तरी कागदांवर तसं लिहिलेलं असतं, आणि पोरं घाबरून गप्प बसतात.

तुमच्यात आणि मित्रात पण एक कागद करा. शब्द कोणाचे, चाल कोणाची, रेकॉर्डिंगचा खर्च कोणी केला, कोणाला किती टक्के. मैत्री आहे म्हणूनच करा, पैसे यायच्या आधी हे फार सोपं असतं.

डिस्ट्रिब्युटर कुठला ह्यावर वाद नको, फक्त बघा की तो वर्षाची फी घेतो का येणाऱ्यातला हिस्सा कापतो. वर्षाची फी असेल तर ती थांबवली की गाणी उतरवली जातात का, हे आधी विचारून घ्या.

चौथं गाणं तुकोबांच्या अभंगाचं करताय असं लिहिलंय. शब्द सगळ्यांचे आहेत, बिनधास्त घ्या. पण कानावर बसलेली चाल घेऊ नका, चालीचा हक्क संगीतकाराच्या निधनानंतर साठ वर्षं असतो. संगीतकार श्रीनिवास खळे २०११ साली गेले, म्हणजे त्यांच्या चाली २०७१ संपेपर्यंत मोकळ्या नाहीत. तुमची स्वतःची चाल लावा, तेच तर तुमचं काम आहे, आणि मग ते गाणं घेऊन आषाढीच्या आधी मंडळांना, सोसायट्यांना फोन करा. तुमच्या बाबतीत पैसे कार्यक्रमातून येतील आणि गाणं कार्यक्रम आणून देईल, मला तरी असंच दिसतंय.

ठाण्याची सुगम गायिका आहे. आयोजक म्हणतात ताई मोठं व्यासपीठ आहे, ओळख होईल, मानधनाचं नंतर बघू. नाही म्हटलं की पुढच्या वेळी बोलवत नाहीत. काय करावं? (एक वाचक, ठाणे)

मांडववाल्याला नंतर बघू म्हणतात का ते? साउंडवाल्याला? मग तुम्हालाच का. देवळातली सेवा, गुरूंच्या पुण्यतिथीचं गाणं, तिथे मी पण एक रुपया घेत नाही आणि घेणार नाही. पण जिथे बॅनरवर बिल्डरचा फोटो आहे तिथे बिदागी ठरल्याशिवाय होकार द्यायचा नाही.

फोनवर ठरलं तरी लगेच व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा, तारीख, किती वेळ गायचं, साथीदार किती आणि त्यांचे पैसे धरून किती, जाण्यायेण्याचं कोण बघणार, माइकची तपासणी किती वाजता. निम्मा इसार आल्यावरच तारीख पक्की, उरलेले कार्यक्रमाच्या दिवशी मंचावर जायच्या आधी. पावसाने रद्द झालं तर इसार परत नाही हे पण त्यातच लिहा. आणि साथीदारांना त्याच रात्री द्या, स्वतःला मिळाले नसले तरी. मी एकदा अडकले होते, आयोजकाने पाच महिने फिरवलं, पण पेटीवाल्याला आणि तबलजीला मी त्याच रात्री दिले होते, ते दोघं आज माझ्या अर्ध्या मानधनात सुद्धा येतात.

पुढच्या वेळी बोलवत नाहीत हे खरंय. काही जण नाहीच बोलवणार. त्या संध्याकाळी दोन मुलींना शिकवा.

शास्त्रीय गायनाच्या मानधनावर जीएसटी लागतो का? आणि कापलेला टीडीएस परत मिळतो का? (एक वाचक, कोल्हापूर)

शास्त्रीय किंवा लोककलेचा कार्यक्रम असेल आणि मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी माफ आहे. सुगम, ऑर्केस्ट्रा, जाहिराती ह्यांना ही माफी नाही, पण वर्षाची एकूण उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर आपल्यासारख्या सेवा देणाऱ्यांना सहसा नोंदणीच लागत नाही. टीडीएस, म्हणजे मानधन देतानाच कापलेला कर, बहुतेक वेळा दहा टक्के कापतात, तो तुमच्या पॅनवर जमा झालेला दिसतोय का ते इन्कम टॅक्सच्या साइटवर बघा आणि कर बसत नसेल तरी रिटर्न भरा, त्याशिवाय परत येत नाही. रिटर्नचे कागद असले की घराचं कर्ज मागताना पण बँकेत चार शब्द बोलता येतात.

माझा मुलगा इंजिनिअर आहे, गिटार वाजवतो, नोकरी सोडून पूर्ण वेळ हेच करणार म्हणतो. आम्ही झोपलेलो नाही. त्याचे कार्यक्रम आम्ही कधी बघितले नाहीत. त्याला कसं समजवावं? (एक आई, नागपूर)

ताई, तुमची काळजी मला कळते, माझ्या आईने पण अशाच रात्री काढल्यात. त्याला नको म्हणू नका, आणि उद्याच सोड असं पण म्हणू नका. त्याला सांगा नोकरी चालू ठेव आणि गाण्याचे पैसे वेगळ्या खात्यात टाकत जा. सलग सहा महिने त्या खात्यातून त्याचं भाडं, जेवण, मेडिक्लेमचा हप्ता असं सगळं निघालं, पगाराला हात न लावता, तर मग राजीनाम्याचं बोलू. त्या सहा महिन्यांत एक तरी पावसाळ्याचा महिना असू द्या, नुसते गणपती-दिवाळीचे धरून चालणार नाही. नोकरी आहे तोवरच त्याने चांगलं वाद्य, ऑडिओ इंटरफेस (वाद्य कॉम्प्युटरला जोडून रेकॉर्ड करायची पेटी) वगैरे घेऊन टाकावं, कारण नंतर पगार नसलेल्या कलाकाराला कर्ज सहज मिळत नाही. आणि पीएफ काढून स्टुडिओ बांधायचं म्हणाला तर मात्र स्पष्ट नाही म्हणा.

पुढचा कार्यक्रम कधी आहे ते त्याला विचारा आणि तुम्ही दोघं जाऊन बसा, पहिल्या रांगेत नको, मागे कुठेतरी, आणि तो वाजवत असताना लोकांकडे बघा.