उरलेले भ्रूण संशोधनाला देताना: नेत्याचे मत वेगळे, कायदा वेगळा

आपला प्रश्न वाचला. अमेरिकेतील आयव्हीएफ उपचार संपल्यावर उरलेले गोठवलेले भ्रूण मूलपेशींच्या (स्टेम सेल) संशोधनासाठी द्यावेत अशी आपली इच्छा आहे. मात्र आपल्या राज्याचे सिनेटर गर्भपाताचे कट्टर विरोधक असल्याने ते शक्य नाही, असे आपल्याला उपचार केंद्रातून तोंडी सांगण्यात आले. जॉर्ज डब्ल्यू. बुश राष्ट्राध्यक्ष असताना आमचीही अशीच बोळवण झाली होती, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मी वकील नाही आणि डॉक्टरही नाही. शिवाय राज्यागणिक कायदा बदलतो, हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

आमच्या केंद्राच्या समन्वय कार्यालयाने राष्ट्राध्यक्षांनी या संशोधनावर बंदीच घातल्याचे सांगितले. हे धादांत असत्य होते. ९ ऑगस्ट २००१ रोजी बुश यांनी एवढेच ठरवले होते की, त्या रात्री ९ वाजण्यापूर्वी तयार झालेल्या स्टेम सेल लाइनवरील (भ्रूणापासून घेऊन प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींवरील; त्या घेताना भ्रूण नष्ट होतो) संशोधनालाच केंद्र सरकारचा पैसा मिळेल. ज्या भ्रूणांचा नाश होऊन गेला आहे त्यांच्या पेशी वापराव्यात, परंतु पुढच्या नाशाला सरकारी पैशाचे उत्तेजन नको, हा त्यामागचा विचार त्यांच्या गर्भपातविरोधाशी सुसंगत होता. मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या लाइनसुद्धा त्या पात्र यादीत होत्या. खासगी पैशाला मात्र त्या निर्णयाने हातही लावला नव्हता. हार्वर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञ डग्लस मेल्टन यांनी २००४ मध्ये, दान मिळालेल्या भ्रूणांपासून आणि खासगी निधीतून, १७ नव्या लाइन तयार केल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी अशा संशोधनासाठी ३ अब्ज डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली. हे सारे उघडपणे चालू असताना आम्ही साठवणुकीचे शुल्क भरत राहिलो, लेखी उत्तर मागितले तर ते कार्यालय दर वेळी दुसऱ्या विभागाकडे बोट दाखवी, आणि अखेरीस भ्रूण नष्ट करण्याच्या कागदावर सही करण्यावाचून आमच्यापुढे मार्ग उरला नाही. आपल्या शरीराने सोसलेल्या उपचारांतून जे उरले ते कोणाच्या तरी उपयोगी पडावे, एवढेच आम्हाला हवे होते; त्याची सल आजही गेलेली नाही.

माझे ठाम मत असे की, गर्भपाताविषयीच्या भूमिकेवरून एखाद्या नेत्याची मूलपेशींविषयीची भूमिका गृहीत धरू नये. युटाचे सिनेटर ऑरिन हॅच गर्भपाताचे आयुष्यभर विरोधक होते, तरीही जीवनाचा आरंभ प्रयोगशाळेच्या शीतपेटीत नव्हे तर आईच्या गर्भाशयात होतो असे मानून त्यांनी या संशोधनाला पाठिंबा दिला. बुश यांनी मात्र सरकारी निधीची मर्यादा सैल करणारे विधेयक १९ जुलै २००६ रोजी नकाराधिकार वापरून फेटाळले. मला त्यांचा निर्णय चुकीचा वाटतो, परंतु त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही.

२००१ ची ती मर्यादा ओबामा यांनी ९ मार्च २००९ रोजी उठवली. भ्रूण नष्ट करण्याच्या प्रत्यक्ष कामाला केंद्र सरकारचा पैसा न देण्याची १९९६ पासूनची तरतूद मात्र कायम आहे. म्हणजे खरी अडचण असलीच तर ती बहुधा राज्याच्या कायद्यात सापडेल: लुइझियानात आयव्हीएफने तयार झालेला भ्रूण हेतुपुरस्सर नष्ट करता येत नाही, तर अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये गोठवलेल्या भ्रूणांना अपत्य मानले. आपले राज्य अशांपैकी असेल तर आधी वकिलाशी बोलावे. नसेल, तर कोणत्या कायद्याचे कोणते कलम आड येते, हे उपचार केंद्राकडून लेखी मागावे. सिनेटरचे मत हे कलम नव्हे. उत्तर येईपर्यंत भ्रूण नष्ट करण्याच्या कागदावर सही करू नये. दान विनामोबदलाच असते आणि त्यासाठी लेखी संमती लागते, म्हणून संमतिपत्रावर दोघांच्याही सह्या आताच करून त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.