निर्बंधांमुळे इराकमध्ये 5 लाख मुलं दगावली, हा मुद्दा वादविवाद स्पर्धेत मांडू का?

तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत 'आर्थिक निर्बंधांची झळ सत्ताधाऱ्यांऐवजी मुलांना बसते' या विषयाच्या अनुकूल बाजूने सात मिनिटं बोलायचंय, आणि सुरुवात या आकड्याने करायचा विचार आहे. तो आकडा घेऊ नका. तुमची बाजू भक्कम आहे, आकडा नाही. तयारीने आलेला प्रतिस्पर्धी नेमकं तेच पकडेल.

हे निर्बंध 1990 मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने लादले होते. मुळात असे आकडे दोन आहेत आणि वक्ते त्यांची सरमिसळ करतात. पहिला 1995 चा. बगदादमधल्या एका पाहणीवरून काढलेला 5,67,000 हा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पत्र म्हणून छापून आला, आणि 1997 मध्ये ते लिहिणाऱ्यांपैकीच एकीने फेरतपासणीनंतर निष्कर्ष मागे घेतला. 1996 मध्ये संयुक्त राष्ट्रांतल्या अमेरिकेच्या तेव्हाच्या राजदूत मॅडलिन ऑलब्राइट यांना टीव्हीवर विचारलेला 'पाच लाख मुलं गेली, एवढी किंमत योग्य आहे का?' हा गाजलेला प्रश्न युनिसेफच्या पाहणीच्या आधीचा आहे, हे विसरू नका. दुसरा आकडा 1999 चा, युनिसेफचा. दक्षिण आणि मध्य इराकमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांचा मृत्युदर हजारी 56 वरून 131 वर गेला, असं त्यात होतं. पण 5 लाख म्हणजे मोजलेले मृत्यू नव्हेत. ऐंशीच्या दशकातली घट तशीच चालू राहिली असती तर जे जीव वाचले असते, त्यांचा तो हिशेब. शिवाय पाहणी सद्दाम सरकारच्या यंत्रणेच्या मदतीने झाली होती. 2003 मध्ये सद्दामची सत्ता गेल्यानंतरच्या पाहण्यांमध्ये ही उसळी दिसली नाही, आणि टिम डायसन व व्हॅलेरिया चेटोरेली या संशोधकांनी 2017 मध्ये 'बीएमजे ग्लोबल हेल्थ'मध्ये हे सविस्तर मांडलं.

मग बोलायचं काय? नुकसान कसं होतं ते दाखवा. चार मिनिटं त्यालाच द्या.

गंगापूर धरणावरची वीज गेली की दुसऱ्या दिवशी आपल्याकडे नळाला 'कमी दाबाने' पाणी येतं, हे श्रोत्यांना सांगावं लागत नाही. दाब गेलेल्या पाइपात फुटक्या जोडांतून शेजारच्या गटाराचं पाणी शिरतं. म्हणून तर नळाच्या टोकाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहायला हवा. इराकमध्ये 1991 च्या आखाती युद्धात वीजकेंद्रं उद्ध्वस्त झाली. हे बॉम्बहल्ल्यांमुळे झालं, निर्बंधांमुळे नाही, हे स्वतःच कबूल करा. मात्र दुरुस्ती रखडली ती निर्बंधांमुळे. क्लोरीनपासून शस्त्र होऊ शकतं, पंपाचे सुटे भागही दुसरीकडे वापरता येतात, म्हणून अशा मागण्या सुरक्षा परिषदेच्या निर्बंध समितीत अडकून पडत. दूषित पाण्याने जुलाब, जुलाबाने कुपोषण, कुपोषित मुलाला पुन्हा जुलाब. मोठा माणूस यातून सावरतो, दोन वर्षांच्या मुलाच्या अंगात तेवढं पाणीच नसतं.

प्रतिकूल बाजू म्हणेल, अन्नासाठी तेल विकायची मुभा सद्दामनेच नाकारली. बरोबर आहे. सुरक्षा परिषदेने 1991 मध्येच ठराव 706 ने ती देऊ केली होती, पण करार 1996 मध्ये झाला आणि धान्य 1997 च्या मार्चमध्ये पोचलं. नाकारू नका, उलट वापरा: हुकूमशहाला पाच वर्षं ताणून धरता येतं, बाळाला पाच दिवसही येत नाही. दबाव ज्याच्यावर टाकायचा, त्याच्या ताटात काहीच कमी होत नव्हतं.

दुसरं उदाहरण इराणचं घ्या. अमेरिकेच्या निर्बंधांतून औषधांना सूट आहे, कागदावर. पण निफाड-दिंडोरीचा कोणताही द्राक्ष निर्यातदार सांगेल की माल विकायला परवानगी असून भागत नाही. पैसे वळते करणारी बँक, जहाज आणि विमा हे तिन्ही लागतात. दंडाच्या भीतीने बँका सूट असलेल्या व्यवहारांनाही नकार देतात. एपिडर्मोलिसिस बुलोसा या आजारात मुलांची त्वचा नुसत्या घासण्यानेही सोलवटते. त्यांच्या जखमांना न चिकटणाऱ्या स्वीडिश पट्ट्यांचा इराणला होणारा पुरवठा 2018 मध्ये निर्बंध पुन्हा लागल्यावर थांबला.

खंडनाच्या फेरीत समोरचा सुरक्षा परिषदेचा डिसेंबर 2022 चा ठराव 2664 काढेल. मदतकार्याला सरसकट सूट देणारा तो ठराव खरोखर चांगला आहे, हे मान्य करा. पण तो सुरक्षा परिषदेने गोठवलेल्या मालमत्तेपुरता आहे, एखाद्या देशाने एकट्याने लादलेल्या निर्बंधांना लागू नाही. मग एवढंच विचारा: पट्टीवर बंदी नव्हती, तर ती त्या मुलापर्यंत का पोचली नाही?