जावा सोडून जर्मनीला येऊ नकोस

‘ताई, पायटॉर्च शिकू की टेन्सरफ्लो?’ इथून तू सुरुवात केलीस. बाकीचं सगळं त्याखाली: हिंजवडीत सहा वर्षं जावा भाषा आणि तिचं स्प्रिंग बूट, मशीन लर्निंगचे (एमएल, म्हणजे संगणकाला डेटावरून शिकवायचं तंत्र) दोन ऑनलाइन कोर्स, जर्मनीत ‘एमएल इंजिनिअर’ म्हणून यायचा बेत. मग जावा आता संपली का, एआयच कोड लिहायला लागल्यावर आपल्याला कोण विचारणार, मास्टर्सशिवाय दार उघडेल का, आणि बायकोला इथे काम करता येईल का. मी स्टुटगार्टजवळ यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, त्यामुळे माझं सांगणं या भागापुरतं आणि अशा कंपन्यांपुरतं धर. बर्लिनच्या स्टार्टअपांचं जग वेगळं. तिथे इंग्रजीवर निभतं, पण गुंतवणूकदारांचा पैसा आटला की टीमही आटते.

दोन्ही मॉडेलं घडवायची साधनंच; पायटॉर्च शीक आणि तो प्रश्न मिटव. टेन्सरफ्लो २०१५ साली गूगलनं खुलं केलं, पायटॉर्च त्याच्या मागोमाग फेसबुकमधून आलं, आणि पुढच्या काही वर्षांत संशोधन करणारी मंडळी जवळजवळ सगळी पायटॉर्चकडे वळली. २०२२ पासून ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे, त्यामुळे एका कंपनीच्या लहरीवर ते अवलंबून राहिलेलं नाही. जुन्या प्रकल्पांत टेन्सरफ्लो भेटेल. भेटेल तेव्हा वाचून काढशील. याहून जास्त वेळ या वादावर घालवू नकोस.

खरी गोष्ट अशी की या भागातल्या कारखान्यांत रोजच्या कामाला न्यूरल नेटवर्क, म्हणजे पायटॉर्चनं घडवतात तसलं मॉडेल, लागतंच असं नाही. डेटा बहुतेक वेळा तक्त्यांत असतो: प्रेसचा दाब, तापमान, मोटरनं ओढलेला करंट, कुठल्या पाळीत कुठला बॅच. तो एसएपी, ओरॅकलसारख्या डेटा साठवणाऱ्या प्रणालींत, कधी एखाद्या जुन्या एक्सेलमध्ये पडलेला असतो. त्यावर पांडाज, सायकिट-लर्न आणि लाइटजीबीएम या पायथनच्या साधनांवर चांगलं काम होतं. भागांच्या फोटोंतून दोष शोधायचे असतील तेव्हा पायटॉर्च येतं, पण तेही आधी शिकवून ठेवलेलं एखादं छोटं मॉडेल घेऊन त्याला आपले फोटो दाखवण्यापुरतं.

अवघड भाग मॉडेलचा नाही, मोजमापाचा आहे, आणि मुलाखतीत माणसं तिथेच गळतात. समज, हजार भागांत तीन सदोष निघतात. ‘सगळे भाग चांगले’ एवढंच म्हणणारं मॉडेलसुद्धा ९९.७ टक्के अचूक ठरतं. म्हणून अचूकतेचा आकडा सांगणाऱ्या उमेदवाराला इथे लगेच विचारतात: सदोष तुकड्यांतले किती पकडले, आणि चांगले किती उगाच बाहेर काढले? पहिल्या चुकीमुळे गिऱ्हाईक माल परत पाठवतं, दुसरीमुळे लाइनवरचा माणूस वैतागून तिसऱ्या दिवशी तुझी यंत्रणा बंद करून टाकतो. दोन्हींची किंमत युरोत मांडता आली पाहिजे, आणि मर्यादा कुठे आखायची ते कारखान्यातल्या लोकांशी बोलून ठरवता आलं पाहिजे.

दुसरा सापळा डेटा विभागण्याचा. कोर्समध्ये शिकवतात की डेटा पिसून ऐंशी टक्के शिकायला आणि वीस टक्के परीक्षेला ठेव. एकाच ओतकामाच्या बॅचमधले भाग एकमेकांसारखेच दिसतात. पिसले की त्यातले काही इकडे, काही तिकडे जातात. मॉडेल परीक्षेत छान गुण मिळवतं आणि पुढच्या महिन्यात नवा बॅच आला की कोसळतं. विभागणी तारखेनं किंवा बॅचनं करायची असते. हे एवढं नीट समजावून सांगता आलं तरी मुलाखत घेणारा खुर्चीत सरसावून बसतो. मॉडेलांच्या पाच रचनांची नावं घेतल्यानं तसं होत नाही.

आता जावा. जावा सोडून यायचा विचार मनातून काढ. इथल्या मोठ्या कंपन्यांचा, बँकांचा, विमा कंपन्यांचा कणा अजून जावाच आहे. डेटा एका प्रणालीतून दुसरीत पोचवणारं काफ्का जावा आणि स्कालात लिहिलेलं आहे. आणि सतत वाहणाऱ्या डेटावर काम करणारं अपाची फ्लिंक तर बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या स्ट्रॅटोस्फियर या संशोधन प्रकल्पातून निघालं, तेही मुख्यतः जावातच. मॉडेल पायथनमध्ये शिकवायचं, ओएनएनएक्स या कुठेही चालणाऱ्या स्वरूपात बाहेर काढायचं आणि जावाच्या सर्व्हिसमधून किंवा यंत्राशेजारच्या औद्योगिक पीसीवर चालवायचं, असं काम इथे भरपूर आहे. कारखान्याच्या मजल्यावर बरेचदा इंटरनेट नसतं, मुद्दामच ठेवलेलं नसतं, तेव्हा ‘क्लाउडवर टाकू’ हे उत्तर चालत नाही. सहा वर्षं तू प्रॉडक्शनमध्ये रात्रीबेरात्री काय काय सावरलं असशील, तो अनुभव इथे मॉडेलला लागतो.

उलट ‘नवखा एमएल इंजिनिअर’ म्हणून आलास तर स्पर्धा कुणाशी आहे बघ. कार्ल्सरुहे, म्युनिक, ट्युबिंगेन इथून मास्टर्स झालेली मुलं, ज्यांनी शिकतानाच कंपनीत अर्धवेळ काम केलेलं असतं. त्यांत आपलीही कमी नाहीत: २०२३–२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत भारतीय विद्यार्थी जवळपास ४९ हजार होते, परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त. त्या रांगेच्या शेपटाला कशाला उभा राहतोस? बॅकएंड, डेटा किंवा प्लॅटफॉर्म इंजिनिअर म्हणून अर्ज कर, आत आल्यावर मॉडेलं तुझ्याकडे चालत येतात. ती बनवणारे बरेच असतात, महिनोन् महिने चालती ठेवणारे थोडे.

साधनांबद्दल माझी मतं थोडी खडूस आहेत, ऐकून घे. ज्युपिटर नोटबुक डेटा चाचपायला उत्तम. काम तिथेच संपवणाऱ्याला मी टीममध्ये घेणार नाही. सेल, म्हणजे कोडचे तुकडे, उलटसुलट चालवलेले, कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटमध्ये फरक वाचता येत नाही, आणि लिहिणारा रजेवर गेला की कुणालाच काही चालवता येत नाही. चाचपून झालं की साध्या पायथन फाइलीत आण, पायटेस्टच्या चाचण्या लिही. पॅकेजांसाठी हल्ली यूव्ही वापर, कोड नीटनेटका ठेवायला रफ. दोन्ही इतकी वेगवान आहेत की न वापरायला सबब उरत नाही. एडिटरबद्दल तू विचारलंस ते मी वाचलंच नाही असं समज. इंटेलिजे येतं ना, मग पायचार्म घरचंच वाटेल. व्हीएस कोड हवं तर ते घे.

एक गोष्ट मात्र पुण्यात कुणी सांगणार नाही: इथे साधन निवडताना परवाना वाचतात. २०२० पासून अॅनाकोंडा या पायथन पॅकेजांच्या संचाच्या अधिकृत चॅनेलांना दोनशेपेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांनी पैसे मोजायचे असतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी मिनिफोर्ज आणि कोंडा-फोर्ज हे मोफत पर्याय दिसतील. प्रोग्रॅम डब्यात बंद करून चालवणाऱ्या डॉकर डेस्कटॉपचंही तेच. २०२१ मध्ये अडीचशे कर्मचारी किंवा वर्षाला एक कोटी डॉलर उलाढाल ओलांडणाऱ्यांना ते सशुल्क झालं, तेव्हा कितीतरी टीम पॉडमन या मोफत पर्यायाकडे गेल्या. मुलाखतीत सहज बोलताना हे आलं तर समोरच्याला कळतं की या माणसानं कंपनीच्या आतून विचार केलाय.

एआय सहायकांची भीती घालून घेऊ नकोस, पण पुण्यात ज्या सहजतेनं ते वापरता तशी इथे धरून चालू नकोस. कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर किंवा कामगिरीवर नजर ठेवता येईल असं कुठलंही तांत्रिक साधन आणायचं तर जर्मन कायद्यानं कंपनीतल्या कामगार परिषदेची, म्हणजे बेट्रिब्सराटची, संमती लागते. कोड सुचवणाऱ्या कोपायलटसारख्या साधनात कुणी किती सूचना स्वीकारल्या याची नोंद राहू शकते, त्यामुळे तेही या चर्चेतून जातं. शिवाय २०१८ पासूनचा युरोपचा डेटा संरक्षण कायदा आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आलेला एआय कायदा आहे, ज्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत. नोकरीचे अर्ज चाळणारं मॉडेल त्या कायद्यात जास्त जोखमीचं ठरतं, तिथे कागदपत्रांचा डोंगर उभा करावा लागतो. डेटा बाहेर जाऊ नये म्हणून काही कंपन्या मिस्ट्रल किंवा लामासारखी खुली मॉडेलं स्वतःच्या सर्व्हरवर चालवतात. अशी मॉडेलं चालवणाऱ्या व्हीएलएलएम या साधनावर एखादं मॉडेल उभं करून, त्याला किती मेमरी लागली आणि एका वेळी किती लोकांना ते पुरलं हे मोजून दाखवलंस, तर तो प्रकल्प तुझ्या दोन्ही प्रमाणपत्रांपेक्षा जास्त कामाचा.

आणि हो, एआय सहायक तुला चाचण्यांचा सांगाडा छान लिहून देतात, जुना कोड समजावून सांगतात. पण कोणता दोष पकडला जाणं महत्त्वाचं, हे त्यांना विचारून उपयोग नाही. ते लाइनवरच्या मुकादमाला विचारावं लागतं, आणि तो श्वाबिश, म्हणजे इथली जर्मन बोली, बोलतो.

म्हणजे जर्मन आलीच. आयटीत इंग्रजी चालतं हे अर्धसत्य आहे. कोड इंग्रजीत, गप्पा जर्मनमध्ये, आणि निर्णय गप्पांत होतात. निदान ए२ पातळी करून ये, बी१ या पुढच्या पातळीवर नजर ठेव. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, मॅक्सम्युलर भवन आहे. एवढी सोय फार थोड्या शहरांत असेल. तिसऱ्या ऑनलाइन कोर्सचे पैसे तिकडे भर.

जर्मन शिकण्याचा हिशेबही सरळ आहे. ब्लू कार्डावर, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांच्या वास्तव्य परवान्यावर, बी१ जर्मन असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, नुसती ए१ असेल तर २७ महिन्यांत. ब्लू कार्डासाठी पगाराची किमान मर्यादा २०२५ साठी वर्षाला ४८,३०० युरो होती, आयटीसारख्या टंचाईच्या क्षेत्रांत ४३,७५९.८० युरो. हे आकडे दर जानेवारीला बदलतात, तेव्हा निघायच्या वर्षाचा बघ. तुझी पदवी आणि विद्यापीठ अनाबिन या परदेशी पदव्यांच्या सरकारी यादीत शोध आणि त्या पानाची प्रत काढून ठेव. बायकोला व्हिसासाठी आधी जर्मन परीक्षा द्यावी लागणार नाही आणि आल्यावर तिला कुठलीही नोकरी करता येईल. ती टेस्टिंगमध्ये आहे म्हणालास. तिनेही आत्ताच अर्ज करायला सुरुवात करावी, तुझ्या मागून येणारी म्हणून वाट बघत बसू नये.

मास्टर्स फक्त व्हिसासाठी करायचं असेल तर नको. आमच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो शुल्क आहे. ते फार नाही, पण दोन वर्षांचा पगार जातो तो हिशेबात धर. संशोधनातच शिरायचं असेल तर गोष्ट निराळी. स्टुटगार्ट आणि ट्युबिंगेन मिळून सायबर व्हॅली हे एआय संशोधनाचं जाळं आहे, मॅक्स प्लांकची इंटेलिजंट सिस्टिम्सची संस्था दोन्हीकडे आहे. तिथे मास्टर्सशिवाय कुणी विचारणार नाही.

पैशांचं थोडक्यात. वर्षाला ६५ हजार युरोचा करार झाला तर एकट्याच्या हातात महिन्याला साधारण ३३०० ते ३४०० येतात. बायको नोकरी करत नसेल तर कर कमी बसतो. स्टुटगार्टमध्ये घर मिळणं नोकरी मिळण्यापेक्षा अवघड आहे. घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत मागू शकतो, आणि भाडं सांगताना हीटिंग धरलंय की नाही ते विचारायचंच.

मोटारींच्या धंद्याकडे मात्र डोळे उघडे ठेवून बघ. फोक्सवॅगननं डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी करार करून २०३० पर्यंत ३५ हजारांहून जास्त नोकऱ्या कमी करायचं ठरवलं, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या झेडएफनं २०२८ अखेरपर्यंत जर्मनीत १४ हजारांपर्यंत कपात जाहीर केली. चाकणमध्ये यांची नावं ऐकून तुझा जीव तिकडे ओढत असेल, तरी वैद्यकीय उपकरणं, पॅकेजिंगची यंत्रं, विमा, वीज वितरण इकडेही अर्ज टाक. नाव न ऐकलेल्या, पाचशे माणसांच्या गावाकडच्या कंपनीत बरेचदा काम जास्त शिकायला मिळतं आणि घरभाडंही निम्म्यावर येतं.

सीव्ही दोन पानांचा कर. प्रमाणपत्रांची यादी काढून टाक, त्याजागी एकच प्रकल्प दे: सार्वजनिक डेटा, तारखेनं केलेली विभागणी, चुकांचा युरोतला हिशेब, चाचण्या, आणि मॉडेल जावाच्या सर्व्हिसमधून चालतंय. टायटॅनिकचे प्रवासी आणि हातानं लिहिलेले आकडे ओळखणं यांचे सरावाचे प्रकल्प पाठवू नकोस, आम्ही ते उघडतही नाही.

करारावर सह्या होऊन हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नकोस. तुझा नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड सांगायला लाजू नकोस. इथेही तीन महिने सर्रास असतात, त्यामुळे कुणी भुवई उंचावत नाही. इथे आल्यावर पहिले सहा महिने प्रोबेशन असतं आणि त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर दोन्ही बाजूंना मोकळं होता येतं. म्हणून घरातलं सगळं सामान विकून येऊ नका, ते सहा महिने संपेपर्यंत पुण्यातला फ्लॅट भाड्यानं देण्याचीही घाई करू नका. सीव्ही तयार झाला की पाठव, लाल पेन घेऊन बसते.