बीपीटीनंतर स्नायूंवर संशोधन : कोणती पदवी, कोणती प्रयोगशाळा, पोटापाण्याचे काय?

प्रश्न : आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो. मुलगी बीपीटीच्या (फिजिओथेरपीची पदवी) शेवटच्या वर्षाला आहे, मग सहा महिने इंटर्नशिप. लहानपणापासून दोरीचा मल्लखांब करते. तिला क्लिनिक काढायचे नाही. ‘स्नायू काम कसे करतात आणि शरीर नवी हालचाल कसे शिकते’ यावर संशोधन करून पुढे कॉलेजात शिकवायचे म्हणते. नातेवाईक सांगतात, एमएस्सी ॲनाटॉमी (शरीररचनाशास्त्र) करू दे, नोकरी पक्की. तिच्या बाबांना काळजी, पीएचडी होईपर्यंत खर्च कोण उचलणार? आम्ही काय करावे? – एक आई

उत्तर : नमस्कार ताई. मुलीचे वाक्य ऐकायला पसरट वाटले, तरी त्यात एकच विषय आहे. स्नायूच्या आत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू एकमेकांवरून सरकतात आणि आकुंचन होते, हे १९५४ साली संशोधकांच्या दोन वेगवेगळ्या जोड्यांनी ‘नेचर’ नियतकालिकाच्या एकाच अंकात मांडले. पण सरकण्याचा हुकूम मज्जातंतूंकडून येतो. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जोर वाढतो तो मुख्यतः मज्जासंस्था स्नायूला अधिक नीट कामाला लावू लागते म्हणून. स्नायूची जाडी मागाहून वाढते. मोरितानी आणि डीव्रीज यांनी १९७९ मध्ये हे मोजून दाखवले. स्नायू आणि शिकणे एकाच प्रश्नात येतात ते असे. मुलीने योग्य जागी बोट ठेवले आहे.

आता एमएस्सी ॲनाटॉमी. नातेवाइकांचा सल्ला प्रेमाचा आहे, पण ‘नोकरी पक्की’ हे खरे नाही. मेडिकल कॉलेजात एमबीबीएस नसलेल्या शिक्षकांना किती जागा, हे नॅशनल मेडिकल कमिशनचे नियम ठरवतात. २०२० मध्ये ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजीतला हा वाटा ३० वरून १५ टक्क्यांवर आणला गेला आणि त्यानंतरही नियम बदलत राहिले. ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षीचा नियम वाचूनच हा रस्ता धरावा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ॲनाटॉमीच्या एमएस्सीत वेळ जातो शवविच्छेदन, ऊतींच्या स्लाइड आणि भ्रूणशास्त्रात. तिचा प्रश्न मात्र जिवंत, हलत्या माणसाचा आहे. तिला विच्छेदनगृहात मनापासून रमायला होत असेल तर गोष्ट वेगळी. एखाद्या स्नायूतल्या धाग्यांची लांबी, ते कंडरेशी (स्नायू हाडाला जोडणाऱ्या पट्ट्याशी) किती अंशांचा कोन करतात, त्यावरून स्नायूचा कार्यकारी छेद, म्हणजे जोर लावणारी जाडी, किती निघतो, हेही उत्तम संशोधन आहे. हे तिलाच विचारा.

माझे मत एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदव्युत्तर पदवी करावी, या बाजूचे आहे. न्यूरो, स्पोर्ट्स की मस्क्युलोस्केलेटल, यावर घरात फार खल करू नका. गाईड कोण आणि विभागात कोणते उपकरण प्रत्यक्ष चालू आहे, हे आधी पाहा. कॉलेजला भेट द्यायला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. स्नायूंतले विजेचे संकेत मोजणारे ईएमजी यंत्र आहे का, गेल्या वर्षी किती विद्यार्थ्यांनी त्यावर प्रबंध केला, आणि मोजलेला कच्चा डेटा बाहेर काढून देतात का. काही यंत्रे फक्त पडद्यावर एक आकडा दाखवतात. संशोधनाला तो पुरत नाही. प्रबंधाचा विषय बहुतेक ठिकाणी पहिल्याच वर्षी ठरवून द्यावा लागतो, त्यामुळे प्रवेश झाल्यावर विचार करू म्हणणाऱ्यांच्या गळ्यात उरलासुरला विषय पडतो.

पैशांबद्दल बाबांची काळजी रास्त आहे. जेआरएफ ही सरकारी संशोधन फेलोशिप मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,००० रुपये आणि वर नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता. पण ही फेलोशिप नेट परीक्षेतून मिळते आणि यूजीसी नेटच्या विषयांच्या यादीत फिजिओथेरपी नाही. शारीरिक शिक्षण आहे, सीएसआयआरच्या नेटमध्ये जीवविज्ञान आहे, आणि एमपीटीवाल्याला त्या त्या परीक्षेला बसता येते की नाही हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात शब्दन् शब्द वाचून ठरवावे लागते. कित्येक जण एमपीटीनंतर हे पाहायला जातात आणि तिथे अडतात. हे आजच पाहून ठेवा. जेआरएफ नाही मिळाली, तर संस्थेची स्वतःची फेलोशिप किंवा मार्गदर्शकाच्या प्रकल्पातली पगारी जागा हे पर्याय उरतात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला किमान ३ वर्षे, साधारण कमाल ६. घरचा हिशेब पाच वर्षांचा मांडा. एमपीटीची दोन वर्षे त्यात धरलेली नाहीत, तो खर्च वेगळा.

तिने प्रत्यक्षात काय शिकायला हवे, यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण इथेच करिअर घडते किंवा बिघडते. समजा तिने मल्लखांबच घेतला. दोरी पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात पकडतात, तेव्हा तळपायाचे स्नायू मोजावेत असे मनात येणारच. पण ते लहान, खोलवर आणि एकमेकांना चिकटून आहेत. कातडीवर लावलेले इलेक्ट्रोड शेजारच्या स्नायूचाही संकेत उचलतात आणि कोणाचा कोणता हे कळत नाही. शिवाय दोरी घासून इलेक्ट्रोड सुटतात. म्हणून सुरुवात हाताची पकड सांभाळणाऱ्या, कोपर ते मनगट या भागातल्या स्नायूंपासून करावी. तिथेही दोरी हाताला कुठे स्पर्श करते हे आधी पाहून जागा निवडावी. दोन इलेक्ट्रोडच्या मध्यांत २० मिलिमीटर अंतर, जागा केस काढून स्पिरिटने पुसलेली, सेकंदाला किमान १,००० आणि शक्यतो २,००० नमुने, आणि साधारण २० ते ४५० हर्ट्झच्या बाहेरचे संकेत गाळणारा फिल्टर. भिंतीतल्या विजेचा ५० हर्ट्झचा गोंगाट हा कायमचा शत्रू. अर्थिंग तपासायचे आणि वायरी पंख्याच्या व ट्यूबलाइटच्या वायरींपासून दूर ठेवायच्या.

सर्वांत जास्त प्रबंध फसतात ते तुलनेत. आज इलेक्ट्रोड इथे, परवा अर्धा सेंटिमीटर बाजूला, की आकडा बदलतो आणि विद्यार्थी त्याला सुधारणा म्हणतो. त्यावर उपाय म्हणून दर वेळी पूर्ण जोर लावून आकुंचन करायला सांगायचे, प्रत्येकी ३ ते ५ सेकंदांचे तीन प्रयत्न, मध्ये दोन मिनिटे विश्रांती, आणि बाकी सगळे त्याच्या टक्क्यांत मांडायचे. इलेक्ट्रोडची जागा न पुसणाऱ्या पेनाने खूण करून ठेवायची. आणखी एक गोष्ट मुलीने कायम लक्षात ठेवावी : ईएमजीचा आकडा म्हणजे ताकद नव्हे. स्नायू थकला की तोच भार उचलायला आकडा वाढतो, ताकद मात्र घटलेली असते.

‘शिकणे’ मोजताना तर मोठमोठे गोंधळ होतात. सराव संपल्याबरोबर खेळाडू छान करून दाखवतो, ही तात्पुरती कामगिरी झाली. शिकला की नाही, हे किमान २४ तासांनी, मध्ये सराव न करता पुन्हा तपासल्यावर कळते. शिआ आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये दाखवले की वेगवेगळ्या हालचाली मिसळून सराव करणारे सरावाच्या वेळी मागे पडतात, पण नंतरच्या चाचणीत पुढे जातात. म्हणजे फक्त सरावाच्या वेळी मोजणाऱ्याच्या हाती उलटा निष्कर्ष लागला असता. दोरीवरच्या तीन पकडी एकापाठोपाठ एक पक्क्या करायच्या की मिसळून, हा प्रश्न तिच्या एमपीटीच्या प्रबंधाला शोभेल असा आहे आणि त्याला आधी फक्त घड्याळ, व्हिडिओ आणि गुणांची नीट बांधलेली पट्टी लागते.

परवानग्यांमध्ये महिने जातात. माणसांवरच्या प्रत्येक अभ्यासाला संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी लागते. अभ्यासातल्या मुली १८ वर्षांखालच्या असतील तर पालकांची लेखी संमती आणि ७ वर्षांपासून पुढे मुलीचा स्वतःचा होकारही. सरावाच्या दोन पद्धती चिठ्ठ्या टाकून वाटणार असाल तर पहिली सहभागी येण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद करावी. नोंद मागाहून केली तर बरीच नियतकालिके लेख घेत नाहीत. अल्ट्रासाउंडने स्नायूची जाडी मोजायची असेल तर आणखी अडचण आहे. १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा यंत्राला लागू होतो, मग तुम्ही पोटरी पाहत असलात तरी. यंत्र नोंदणीकृत हवे आणि ते पात्र डॉक्टरानेच चालवावे लागते. म्हणून रेडिओलॉजीचा डॉक्टर सहसंशोधक म्हणून सुरुवातीपासून बरोबर घ्या.

आता ठिकाणे. तुमच्या गावातच लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आहे, १९५७ पासून. व्यायामाचे शरीरक्रियाशास्त्र आणि बायोमेकॅनिक्स तिथे शिकवतात. पीएचडी तिथे झाली नाही तरी येत्या इंटर्नशिपच्या काळात प्राध्यापकांना भेटून प्रयोगशाळा बघायला काय हरकत आहे? गजरा राजा मेडिकल कॉलेजच्या फिजिऑलॉजी विभागातही विचारावे. पीएचडीसाठी हालचालींचे शिकणे हा विषय आयआयटी गांधीनगरच्या संज्ञान विज्ञानात आणि बंगळूरच्या आयआयएससीच्या न्यूरोसायन्स केंद्रात आहे. पात्रता प्रत्येक ठिकाणी वेगळी. अर्ज करताना ‘मला संशोधनाची आवड आहे’ असे पत्र कोणी वाचत नाही. मार्गदर्शकाचे दोन लेख वाचून, त्यातल्या एका पद्धतीबद्दल नेमका प्रश्न विचारणारे दहा ओळींचे पत्र वाचले जाते.

शिकवण्याच्या नोकरीचीही बाजू सांगतो. सातव्या वेतन आयोगानुसार यूजीसी वेतनश्रेणीत सहायक प्राध्यापकाचा प्रारंभिक मूळ पगार ५७,७०० रुपये. खासगी कॉलेजांत बरेचदा याहून बरेच कमी मिळते, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. आणि कॉलेजात गेल्यावर ‘शिकणे’ या शब्दाचा दुसरा अर्थ उघडतो. विद्यार्थी स्नायूंचे उगम आणि जोडणी परीक्षेपुरते पाठ करून का विसरतात? पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवायला लावणे जास्त टिकते का? रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये गद्य उताऱ्यांवर असे दाखवले आहे. ॲनाटॉमीच्या वर्गात हे तपासणे हे महागडी यंत्रे न लागणारे पण खरे संशोधन आहे, आणि छोट्या कॉलेजातही करता येते.

इंटर्नशिपच्या सहा महिन्यांत तिने दोनच गोष्टी कराव्यात. ‘आर’ ही मोफत सांख्यिकी भाषा रोज एक तास शिकावी, आणि मल्लखांबाच्या आखाड्यातल्या दहा मुलींचे एकाच पकडीचे व्हिडिओ घेऊन दोन वेगवेगळ्या परीक्षकांकडून गुण द्यायला लावावेत. आकडे कुठे प्रसिद्ध करायचे नाहीत, सरावापुरतेच ठेवायचे. तरी आखाड्याच्या गुरुजींची आणि प्रत्येकीच्या पालकांची परवानगी घ्यावी. दोन परीक्षकांचे गुण जुळत नाहीत असे तिला दिसेल. ते का जुळत नाहीत हे शोधायला ती स्वतःहून बसली, तर एमपीटीचे फॉर्म भरा. तिला त्यात कंटाळा आला, तर क्लिनिकचा विचार पुन्हा उघडा, आणि हा निर्णय घरात एमपीटीची फी भरण्याआधी होऊ दे.