कुत्रा सैतानी, शिंगं मात्र खोटी

प्रश्न : १९७८चा ‘डेव्हिल डॉग : द हाउंड ऑफ हेल’ हा अमेरिकी टीव्हीपट पुन्हा पाहिला. शेवटचा शिंगवाला कुत्रा इतका हास्यास्पद का वाटतो?

उत्तर : खऱ्या कुत्र्याला आयाळ-शिंगं चढवून वेगळं चित्रण केलं आणि ते मूळ दृश्यावर चिकटवलं. त्यामुळे कडा थरथरतात, उजेड जुळत नाही. त्यापेक्षा गवत कापायच्या यंत्राचा प्रसंग पाहा. साधा अल्सेशियन नुसता टक लावून बसतो आणि नायक झालेल्या रिचर्ड क्रेनाचा हात फिरत्या पात्याकडे ओढला जातो. कुत्र्याची नजर, हात, पातं. भीती सगळी संकलनातली, खर्च जवळपास शून्य! दिग्दर्शक कर्टिस हॅरिंग्टन मुरलेले होते. आणि हो, टीव्हीवर चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण जुन्या टीव्हीसारखं ४:३ ठेवा. ताणलंत तर कुत्रा डुकरासारखा दिसेल.