‘तुर्की’ म्हणजे कुठले, आणि एलची म्हणजे कोण?

प्रश्न असा आहे: चार्ल्स वॉरन हॉस्टलर या अमेरिकी लेखकाचा परिचय मराठीत करून देताना ‘टर्किश’ (तुर्कस्तान देशाचे) आणि ‘टर्किक’ (त्या भाषाकुळातले सगळेच) या दोन्हींसाठी ‘तुर्की’ लिहिले तर चालेल का? शिवाय, लष्करातून परराष्ट्र सेवेत आलेल्या या माणसाला ‘मुत्सद्दी’ म्हणावे की ‘राजदूत’?

पहिल्याचे उत्तर ‘नाही’. हॉस्टलर यांच्या बाबतीत तर मुळीच नाही. हे गृहस्थ अमेरिकी हवाई दलात कर्नल होते आणि पुढे १९८९ ते १९९३ या काळात बहारीनमध्ये अमेरिकेचे राजदूत. पण त्याआधीच, १९५७ साली, त्यांचे ‘टर्किझम अँड द सोव्हिएट्स’ हे पुस्तक आले होते. तुर्कस्तान देशाबाहेर, मुख्यतः सोव्हिएत अमलाखाली राहणारे उझबेक, कझाक, तुर्कमेन, अझरबैजानी, तातार आणि त्यांची राजकीय आकांक्षा, हा त्याचा गाभा. दोन्हीकडे ‘तुर्की’च लिहिलेत, तर वाचक बसल्या जागी इस्तंबूलला पोचेल आणि पुस्तक ताश्कंदलाच राहील.

आपल्याकडे गोंधळ जरा जास्तच आहे, कारण शाळेच्या भूगोलापासून वर्तमानपत्रापर्यंत आपण अंकाराच्या देशालाच ‘तुर्कस्तान’ म्हणत आलो. पण ‘तुर्कस्तान’ हे मध्य आशियाचेही नाव आहे. रशियन साम्राज्याने १८६७ मध्ये ताश्कंद राजधानी करून आपला ‘तुर्कस्तान’ प्रांत उभा केला. आज कझाकस्तानात त्याच नावाचे शहर आहे. चीनमधल्या शिनजियांगला काही लोक ‘पूर्व तुर्कस्तान’ म्हणतात. हे मराठीत वाचले की सरळ वाचणाऱ्याला वाटणार, देशाची पूर्व बाजू, म्हणजे इराणच्या सीमेजवळचा भाग! म्हणून असल्या लेखनात देशाला मी ‘तुर्किये’ म्हणतो. २०२२ पासून संयुक्त राष्ट्रांतही हेच नाव चालते. ‘तुर्कस्तान’ मध्य आशियासाठी मोकळा ठेवतो. तुमची सवय मोडवत नसेल, तर निदान पहिल्या उल्लेखाला खुलासा करा.

नुसता ‘तुर्क’ही सुरक्षित नाही. एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’तला तुर्क म्हणजे मुसलमान, मग तो कुठलाही असो. आणि ‘तरुण तुर्क’ म्हटले की चंद्रशेखर आणि आपले मोहन धारिया आठवणार. ते नाव मात्र खरोखर ऑटोमन साम्राज्यातून, १९०८ च्या क्रांतीवाल्यांकडून आलेले.

मग ‘तुर्कवंशीय’? मला तो शब्द खटकतो. या लोकांना एकत्र बांधते ती भाषा, चेहरामोहरा नव्हे. सैबेरियातला याकुत, मोल्दोव्हातला ख्रिस्ती गागाउझ, बौद्ध तुवावासी आणि मुसलमान उझबेक एका भाषाकुळातले. उलट उझबेकांचा शेजारी ताजिक फारसीच्या घरातला. ‘वंश’ म्हटले की ही गुंतागुंत एका रक्तात बुडते. म्हणून समाजांसाठी ‘तुर्किकभाषक’ आणि भाषाकुळासाठी ‘तुर्किक’. ‘तुर्किक’ ओबडधोबड आहे, मान्य. पण ‘इंग्लिश’ आणि ‘जर्मॅनिक’ वेगळे ठेवायला आपण कचरत नाही. रशियनमध्येही ‘तुरेत्स्की’ आणि ‘त्युर्क्स्की’ अशी विशेषणे वेगळी आहेत. एक अपवाद: बाबर आपल्या भाषेला ‘तुर्की’ म्हणतो. ती चगताई, मध्य आशियातली जुनी तुर्किक भाषा. अवतरणात ते तसेच राहू द्या, फक्त ती इस्तंबूलची नव्हे, हे सांगा.

आता दुसरा प्रश्न. ‘मुत्सद्दी’ शब्दात कौतुक मिसळलेले आहे. एखादा मामलेदारही मुत्सद्दी असू शकतो आणि एखादा राजदूत अगदीच भोळा असू शकतो. ते वळण आहे, पद नव्हे. पद सांगायचे तर ‘राजदूत’. पेशवाईत याला ‘वकील’ म्हणत. दिल्लीला हिंगणे, हैदराबादेत गोविंदराव काळे हे पेशव्यांचे वकील. आज तो शब्द कोर्टात गेला, परत येणार नाही.

पण जुन्या मराठीत आणखी एक शब्द होता, ‘एलची’, म्हणजे दूत. फारसीच्या वाटेने आलेला असला तरी घर त्याचे तुर्किकच. ‘एल’ म्हणजे राज्य किंवा जनसमूह. मंगोलियातल्या ओरखोन नदीकाठच्या आठव्या शतकातल्या शिलालेखांतही हा ‘एल’ भेटतो. पुढचा ‘-ची’ आपल्या ‘मशालची’, ‘नगारची’, ‘बावर्ची’तला, म्हणजे ते काम करणारा. तुर्कियेत आजही राजदूताला ‘ब्युयुकएल्ची’ म्हणतात, शब्दशः ‘मोठा एलची’. तुर्किकभाषकांवर पुस्तक लिहिणाऱ्या राजदूताला लावायला यापेक्षा नेमका शब्द मराठीत शोधून सापडणार नाही. शीर्षकात वापरून टाका.

मजकुरात मात्र असे चालेल: ‘अमेरिकी हवाई दलातील कर्नल, पुढे बहारीनमधील राजदूत आणि तुर्किकभाषक समाजांचे अभ्यासक.’ ‘अधिकारी ते राजदूत’ असली वर्तमानपत्री जोडणी टाळा. ‘कल्याण ते कसारा’ वाचल्यासारखे वाटते.